गिधाडे, शिसे आणि बंदीचे अर्थकारण

(भोईवाडा, परळ येथे पक्षकार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



भोईवाड्याला ज्यांच्यामुळे हे नाव पडले ते भोई दुसऱ्यांचा भार खांद्यावर वाहणारे लोक होते. पालखीत कोण बसले होते याची नोंद बखरकारांनी ठेवली. पालखी कोणाच्या खांद्यावर होती याची नोंद केवळ वस्तीच्या नावात शिल्लक राहिली. आजचा विषय अशाच एका भार वाहणाऱ्याचा आहे. तो माणूस नाही, पक्षी आहे. देशातील मेलेल्या जनावरांची विल्हेवाट लावण्याचे काम त्याने शतकानुशतके फुकट केले, आणि तो नाहीसा झाला तेव्हा बराच काळ कोणाच्या ध्यानातही आले नाही.

कष्टकऱ्यांच्या वस्तीत पक्ष्यांवर व्याख्यान कशासाठी, असा प्रश्न काही कार्यकर्त्यांच्या मनात आला असेल. गिरण्या गेल्या, चाळींच्या जागी मनोरे आले, गिरणी कामगारांच्या घरांचा प्रश्न अजून भिजत पडला आहे. अशा वेळी गिधाडांची चिंता ही पोट भरलेल्यांची चैन नव्हे काय? प्रश्न रास्त आहे आणि त्याला टाळून पुढे जाता येणार नाही. परंतु उत्तराकडे वळण्यापूर्वी या वस्तीच्या परिसरावर एकवार नजर टाकावी. येथून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर हाफकिन संस्था आहे. १८८६ साली स्थापन झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय येथेच आहे. दिनशा माणेकजी पेटिट या पारशी गिरणीमालकाने आपल्या पत्नीच्या नावाने उभारलेले जनावरांचे रुग्णालयही परळमध्येच आहे. केईएम आणि टाटा रुग्णालये तर सर्वांच्या परिचयाची. जनावराचे दुखणे, त्यावरचे औषध, कुत्र्याचा चावा, रेबीजची लस आणि पारशी समाजाची गिधाडे या साऱ्यांचा एकमेकांशी काय संबंध आहे, हे समजून घेण्यासाठी परळइतकी योग्य जागा दुसरी नसेल.

एका नावाची बदनामी

आपल्या भाषेत 'गिधाड' ही शिवी आहे. सावकार गिधाड, दलाल गिधाड, बिल्डर गिधाड. डाव्या आणि समाजवादी वक्त्यांनीही हा शब्द सढळपणे वापरलेला आहे, आणि तेंडुलकरांनी माणसाच्या हिंस्र लोभाचे नाटक लिहिले तेव्हा त्यालाही हेच नाव दिले. वस्तुतः हा पक्ष्यावर अन्याय आहे. सावकार जिवंत माणसाला खातो. गिधाड जिवंताला सहसा हात लावीत नाही. मेलेले जनावर खाऊन ते रोगाची साखळी तोडते. त्याच्या जठरातील आम्ल इतके तीव्र असते की कुजक्या मांसातील बहुतेक रोगजंतू तेथेच नष्ट होतात. गिधाडांचा एक थवा एका गुराचे मांस तासाभरात फस्त करतो. मागे उरतात ती स्वच्छ हाडे, आणि ती वेचून खताच्या कारखान्यांना विकण्यावर ग्रामीण भागातील अनेक गरीब कुटुंबे गुजराण करीत असत.

१९८० च्या दशकात भारतीय उपखंडात गिधाडांची संख्या सुमारे ४ कोटी असावी असा अंदाज केला जातो. मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या विभू प्रकाश यांनी भरतपूरच्या केवलादेव उद्यानातील गिधाडे झपाट्याने कमी होत असल्याची नोंद १९९० च्या दशकाच्या अखेरीस प्रसिद्ध केली. त्यानंतर देशभर झालेल्या मोजण्यांवरून जे चित्र दिसले ते भयंकर होते. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडे ९९.९ टक्क्यांनी घटली. लांब चोचीच्या गिधाडांच्या दोन जाती सुमारे ९७ टक्क्यांनी घटल्या. म्हणजे जेथे हजार पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडे होती तेथे एक उरले. कोणत्याही पक्ष्याचा इतका वेगवान ऱ्हास क्वचितच नोंदला गेला असेल.

अमेरिकेतील शिसे, आपल्याकडील सुई

जगात इतरत्र मृतभक्षक पक्ष्यांचा प्रश्न निघाला की वाद होतो तो शिशाच्या गोळ्यांचा. कॅलिफोर्नियातील काँडोर हा आपल्या गिधाडाचाच तिकडचा भाऊबंद म्हणावा असा महाकाय पक्षी. १९८२ साली जगात तो २२ उरला होता. १९८७ पर्यंत उरलेसुरले सारे काँडोर पकडून त्यांची पैदास बंदिवासात करावी लागली, आणि १९९२ पासून त्यांना पुन्हा रानात सोडण्यास आरंभ झाला. सोडलेले पक्षी मरू लागले. शिकाऱ्याची शिशाची गोळी हरणाच्या देहात शिरताना फुटते आणि तिचे कण मांसभर पसरतात. शिकारी मांस घेऊन जातो, आतडी रानात टाकून जातो, आणि ती खाणाऱ्या काँडोरच्या पोटातील आम्लात शिसे विरघळते.

कॅलिफोर्नियाने २००७ साली काँडोरच्या अधिवासापुरता आणि २०१३ साली साऱ्या राज्यासाठी शिकारीतील शिशाच्या गोळ्यांवर बंदी घालणारा कायदा केला. दुसऱ्या कायद्याची पूर्ण अंमलबजावणी १ जुलै २०१९ पासून झाली. नॅशनल रायफल असोसिएशनने त्याला कडाडून विरोध केला. तांब्याची गोळी महाग पडते, गरीब शिकाऱ्याला ती परवडणार नाही, आज शिशावर बंदी घालणारे उद्या बंदुकीवर घालतील, असे युक्तिवाद पुढे आले. ओबामा शासनाने १९ जानेवारी २०१७ रोजी, म्हणजे पायउतार होण्याच्या आदल्या दिवशी, केंद्राच्या ताब्यातील वन्यजीव क्षेत्रांतून शिसे टप्प्याटप्प्याने हद्दपार करण्याचा आदेश काढला. ट्रम्प शासनाने तो त्याच वर्षीच्या मार्चमध्ये रद्द केला. उलट डेन्मार्कने शिशाच्या छऱ्यांवर १९९६ सालीच बंदी घातली, पुढे २०२४ साली शिशाच्या गोळ्यांवरही घातली, आणि तेथील शिकार काही बंद पडली नाही.

या वादातील एक घटना समाजवाद्यांनी विशेष ध्यानात ठेवावी अशी आहे. अमेरिकेत शिकारी मंडळी हरणाचे जादा मांस गरिबांच्या अन्नछत्रांना दान करतात. २००८ साली नॉर्थ डाकोटा राज्यात या मांसात शिशाचे कण आढळले आणि आरोग्य अधिकाऱ्यांनी ते टाकून देण्यास सांगितले. जे विष पक्ष्याच्या पोटात जात होते तेच गरिबाच्या ताटातही जात होते. पक्ष्याचा प्रश्न आणि गरिबाचा प्रश्न हे दोन वेगळे प्रश्न आहेत, असे मानणाऱ्यांनी याचा विचार करावा.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा प्रश्न त्या स्वरूपात उरला नाही. येथील गिधाडाला गोळी लागली नाही, सुई लागली. आणि तीही त्याला स्वतःला टोचलेली नव्हती. डायक्लोफेनॅक हे माणसाच्या सांधेदुखीवरील औषध १९९० च्या दशकात जनावरांसाठी स्वस्तात उपलब्ध झाले. बैल लंगडू लागला, म्हैस तापाने फणफणली, गाईच्या कासेला सूज आली की ही सुई टोचली जाई आणि जनावर उठून उभे राही. दोनचार जनावरांवर संसार असलेल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने ते वरदानच होते. जिवंत जनावराच्या शरीरातून हे औषध काही दिवसांत निघून जाते. परंतु सुई टोचल्यावर ते लवकरच मेले, तर औषध मांसात राहते. ते मांस खाणाऱ्या गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होतात, रक्तातील यूरिक आम्ल वाढते, त्याचे पांढरे स्फटिक यकृतावर आणि हृदयावर साचतात आणि थोड्याच दिवसांत ते मरते. पाकिस्तानातील मृत गिधाडांची तपासणी करून शास्त्रज्ञांच्या एका गटाने २००४ साली हे कारण सिद्ध केले.

एवढ्याने सारी जात कशी नष्ट होईल, अशी शंका त्या वेळी घेतली गेली. तिचे उत्तर गणितात आहे. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू वयात येण्यास चारपाच वर्षे लागतात. एका मढ्यावर पन्नास-साठ गिधाडे एकत्र जेवतात. त्यामुळे शंभर मढ्यांपैकी एकाहूनही कमी मढी विषारी असली तरी पंधरा वर्षांत जात संपते, असे शास्त्रज्ञांनी हिशेब करून दाखविले. प्रत्यक्षात २००४-०५ च्या सुमारास देशात तपासलेल्या मढ्यांपैकी दहाएक टक्क्यांत हे औषध सापडले.

बंदी आणि तिच्या पळवाटा

भारत सरकारने २००६ साली जनावरांसाठीचे डायक्लोफेनॅक मागे घेण्याचा आदेश काढला आणि २००८ साली अधिसूचनेद्वारे त्याचे उत्पादन, विक्री व वितरण यांस मनाई केली. पाकिस्तान आणि नेपाळ यांनी २००६ साली, बांगलादेशाने २०१० साली तेच केले. कारण सिद्ध झाल्यापासून दोन वर्षांत पहिले पाऊल उचलले गेले, ही आपल्या शासनाच्या रीतीला धरून नसलेली तत्परता होती, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

तथापि बंदीचा कागद निघणे आणि बंदी होणे यांत किती अंतर असते हे कामगार चळवळीला सांगावयास नको. किमान वेतनाचाही कायदा आहेच. जनावरांसाठीचे औषध बंद झाले, पण माणसांसाठीचे तेच औषध मोठ्या कुपीत मिळत राहिले. माणसाला एका वेळी ३ मिलिलिटर पुरते. कुप्या मात्र ३० मिलिलिटरच्या. एवढी मोठी कुपी कोणत्या रुग्णासाठी होती, हे उघड आहे. नोव्हेंबर २००७ ते जून २०१० या काळात अकरा राज्यांतील अडीचशेहून अधिक औषधदुकानांची पाहणी झाली, तेव्हा ३६ टक्के दुकानांत डायक्लोफेनॅक आढळले. अखेर जुलै २०१५ मध्ये केंद्र सरकारने माणसांसाठीच्या या इंजेक्शनची कुपी ३ मिलिलिटरच्या एका मात्रेपुरती मर्यादित केली. त्याविरुद्ध औषध कंपन्या मद्रास उच्च न्यायालयात गेल्या आणि २०१७ साली हरल्या.

दरम्यान बाजाराने दुसऱ्या वाटा शोधल्या होत्या. केटोप्रोफेन हे औषधही गिधाडांना मारते हे २००९-१० च्या सुमारास प्रसिद्ध झाले होते. एसिक्लोफेनॅकचे तर जनावराच्या शरीरात डायक्लोफेनॅकमध्येच रूपांतर होते. म्हणजे बंदी घातलेला माल दुसऱ्या वेष्टनात विकण्याचाच तो प्रकार. या दोन्ही औषधांवर जनावरांपुरती बंदी आली ती २०२३ साली, आणि निमेसुलाइडवर आली ती डिसेंबर २०२४ च्या अखेरीस. केटोप्रोफेनच्या बाबतीत पुरावा आणि बंदी यांत तेरा वर्षे गेली. दरवेळी आधी औषध बाजारात येते, मग पक्षी मरतात, मग शास्त्रज्ञ पुरावा गोळा करतात, मग वर्षानुवर्षे फायली फिरतात. निरुपद्रवीपणा सिद्ध करण्याचा भार नफा घेणाऱ्यावर न टाकता नुकसान सोसणाऱ्यावर टाकला, की याहून निराळे काही होत नाही. कापड गिरणीतील धुळीने कामगारांची फुप्फुसे निकामी होत होती तेव्हाही पुरावा कामगारानेच द्यावयाचा होता.

इतके असूनही बंदी व्यर्थ गेली असे मानणे चूक होईल. मढ्यांतील डायक्लोफेनॅकचे प्रमाण २००७-०८ पर्यंत साडेसहा टक्क्यांवर उतरले होते आणि त्यानंतर गिधाडांच्या ऱ्हासाची गती मंदावली. लंगडी बंदीसुद्धा इतके साधते, तर पायांवर धडपणे उभी असलेली बंदी किती साधेल याचा अंदाज करता येतो.

किंमत कोणी मोजली

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळावयास हरकत नाही. गिधाडे गेली म्हणून माणसाचे काय बिघडले?

२०१९ च्या पशुगणनेनुसार देशात १९ कोटींहून अधिक गाई-बैल आणि जवळजवळ ११ कोटी म्हशी आहेत. यांतील लक्षावधी जनावरे दरवर्षी मरतात. गिधाडे गेल्यावर ही मढी गावकुसाबाहेर कुजू लागली, ओढ्यानद्यांत टाकली जाऊ लागली आणि भटक्या कुत्र्यांचे खाद्य बनली. कुत्री वाढली, चावे वाढले, रेबीज वाढला. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने १९९२ नंतरच्या सुमारे चौदा वर्षांत या कारणाने रेबीजचे सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस हजार जादा मृत्यू झाल्याचे आणि ३४ अब्ज डॉलरचे नुकसान झाल्याचे अनुमान मांडले. २०२४ साली एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी त्याहून व्यापक पद्धत वापरली. पूर्वी जेथे गिधाडे भरपूर होती ते जिल्हे आणि जेथे ती मुळातच विरळ होती ते जिल्हे, यांची औषध येण्यापूर्वीची आणि नंतरची मृत्यूसंख्या त्यांनी ताडून पाहिली. गिधाडांच्या जिल्ह्यांत मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांहून अधिक वाढलेले दिसले. रेबीजच्या लशीची विक्री वाढलेली दिसली, नद्यांचे पाणी बिघडलेले दिसले. २००० ते २००५ या काळात दरसाल सुमारे एक लाख, म्हणजे एकूण पाच लाखांहून अधिक जादा माणसे मेली, असा त्यांचा निष्कर्ष आहे. या मृत्यूंचे मोल त्यांनी दरसाल ६९.४ अब्ज डॉलर ठरविले.

हे आकडे अनुमानाचे आहेत, मोजणीचे नव्हेत, याचे भान कार्यकर्त्यांनी सभेत बोलताना ठेवावे. दोन अभ्यासांच्या आकड्यांत मोठी तफावत आहे, कारण एक केवळ रेबीज मोजतो आणि दुसरा सर्व कारणांचे मृत्यू. माणसाच्या आयुष्याला डॉलरचा भाव लावण्याची रीतही समाजवाद्याला रुचण्यासारखी नाही. परंतु प्रश्नाची दिशा दोन्ही अभ्यासांत एकच आहे. जे काम फुकट होत होते त्याचा देशाच्या हिशेबवहीत कधी उल्लेख नव्हता. औषधाचा खप राष्ट्रीय उत्पन्नात जमेस धरला गेला. कुत्रा चावल्यावर घेतलेली लसही जमेस धरली गेली. गिधाडाचे काम जमेत कधी नव्हते, म्हणून ते थांबले तरी खात्यात तूट दिसली नाही. घरातील स्त्रीच्या कामाचीही हीच गत आहे. बाजाराला ज्याचा भाव माहीत नाही त्याचे मोल त्याला कळत नाही, आणि मोल कळते तेव्हा बिल दुसऱ्याच कोणाच्या नावाने फाडलेले असते.

ते कोणाच्या नावाने फाटते? पहाटे रस्त्यावर कोण असते, ते पाहावे. पालावर झोपणारा धनगर, उघड्यावरच्या कोपीत मुलाबाळांसह राहणारा ऊसतोड कामगार, अंधारात परसाकडे जाणारी बाई, दूध टाकणारा पोरगा. खोल चाव्याला लशीबरोबर सीरमही द्यावे लागते. ते तालुक्याच्या दवाखान्यात मिळाले नाही की जिल्ह्याला जावे लागते, तेथे नसले की मुंबईला. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की उपाय जवळजवळ उरत नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये भटक्या कुत्र्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गाजला तेव्हा शहरांतील श्वानप्रेमी आणि श्वानविरोधक हमरीतुमरीवर आले. त्या गदारोळात गिधाडाची आठवण फार थोड्यांना झाली.

मढे कोणी उचलायचे

या प्रश्नाला जातीची एक बाजू आहे आणि ती सांगितल्यावाचून हे विवेचन पुरे होणार नाही. मेलेले जनावर गावाबाहेर ओढून नेणे हे काम गावगाड्याने महारांवर लादले होते, कातडे सोलण्याचे आणि कमावण्याचे काम मातंग, ढोर, चांभार यांच्यावर. माणसाने मढे वेशीबाहेर नेऊन टाकायचे आणि पुढचे गिधाडाने पाहायचे, अशी ती वाटणी होती. १९२७ साली महाडला डॉ. आंबेडकरांनी मृत जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन केले, ते माणुसकीच्या हक्कासाठी होते. १९५८ च्या कायद्याने महारवतने नष्ट झाली. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी, ब्राह्मण घरात जन्मलेल्या माणसाने, मेलेली जनावरे स्वतःच्या हातांनी सोलली. वर्ध्याजवळ नालवाडीला गांधींच्या सहकाऱ्यांनी चर्मालय चालविले. हे काम जातीचे न राहता कसबाचे व्हावे, हा त्यामागील विचार होता.

तो विचार किती अपुरा राहिला हे जुलै २०१६ मध्ये गुजरातेत उना येथे दिसले. मेलेल्या गाईचे कातडे सोलणाऱ्या दलित तरुणांना गोरक्षकांनी उघड्यावर फटकावले. त्यानंतर तेथील दलितांनी मढी उचलण्याचे नाकारले, आणि मढी सरकारी कचेऱ्यांसमोर नेऊन टाकली. तो बहिष्कार सर्वस्वी न्याय्य होता. महाराष्ट्रात २०१५ पासून बैलांच्या कत्तलीवरही बंदी आहे. थकलेला बैल विकता येत नाही, पोसता येत नाही, मग तो मोकाट सुटतो आणि कोठेतरी मरतो. गिधाडांचा ऱ्हास या कायद्याच्या कितीतरी आधीचा आहे, तेव्हा दोहोंचा कार्यकारणभाव जोडू नये. पण मढ्यांचा भार वाढवायचा, ती उचलणाऱ्याला मारायचे आणि आकाशातून येऊन हे काम करणाऱ्या पक्ष्याला विष घालायचे, हे तिन्ही एकाच समाजव्यवस्थेत घडले, हे मात्र खरे. ज्या गावात गिधाड नाही तेथे मढ्याचा भार पुन्हा दलिताच्याच खांद्यावर टाकण्याचा मोह व्यवस्थेला होतो. म्हणून गिधाडाचे रक्षण हा जातिअंताच्या कार्यक्रमाशीही संबंध असलेला विषय आहे.

पारशी समाजाने हीच किंमत निराळ्या रीतीने मोजली. मलबार टेकडीवर सतराव्या शतकापासून दख्मे आहेत. मृतदेहाने भूमी, अग्नी वा जल दूषित होऊ नये आणि देहाचे अखेरचे दान पक्ष्यांना व्हावे, या श्रद्धेवर उभी असलेली ती प्रथा गिधाडे गेल्याने कोलमडली. सूर्यकिरण एकवटणारे आरसे लावून काम भागविण्याचा प्रयत्न झाला. २०१५ साली वरळीच्या स्मशानभूमीत पारशी प्रार्थनागृह उभे राहिले आणि अनेक कुटुंबांनी दहनाचा मार्ग पत्करला. परळमध्ये जनावरांसाठी रुग्णालय बांधणाऱ्या समाजाचा अंत्यविधी जनावरांच्या औषधाने मोडावा, यातला विपर्यास वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

भूमिका आणि मागण्या

समाजवाद्यांची भूमिका कोणती असावी? बंदीला विरोध करणारे गरीब शेतकऱ्याचे नाव पुढे करतात, जसे अमेरिकेत गरीब शिकाऱ्याचे करतात. हा युक्तिवाद हसण्यावारी नेऊ नये. लंगडा बैल पेरणीच्या तोंडावर उभा राहिला नाही तर शेतकऱ्याचे वर्ष जाते, आणि त्याला गिधाडाचे महत्त्व सांगणारा माणूस शहरातून आलेला असतो. पण या औषधाला निर्धोक पर्याय आहे. मेलॉक्सिकॅम गिधाडांना अपाय करीत नाही हे २००६ सालीच चाचण्यांनी दाखविले आहे. तेव्हा वाद औषध असावे की नसावे हा नाही. पर्यायी औषध शेतकऱ्याच्या गोठ्यापर्यंत कोण पोचविणार आणि फरकाचा पैसा कोण भरणार, एवढाच तो आहे. बंदी शासनाने घालायची आणि तिचा खर्च शेतकऱ्याने सोसायचा, ही वाटणी समाजवाद्यांना मान्य होण्यासारखी नाही.

म्हणून पक्षाच्या मागण्या नेमक्या असाव्यात. पहिली, प्रत्येक सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात मेलॉक्सिकॅम विनामूल्य मिळाले पाहिजे. दुसरी, त्याचे उत्पादन सार्वजनिक क्षेत्राने करावे. हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळ येथेच, परळमध्ये आहे, राज्य शासनाच्या मालकीचे आहे, आणि ज्या महामंडळाचे पोलिओचे डोस देशभरातील मुलांपर्यंत पोचले त्याला जनावरांच्या एका औषधाचे काम देणे अशक्य नाही. तेथील कामगारांनाही काम हवेच आहे. तिसरी, जनावरांचे कोणतेही नवे वेदनाशामक गिधाडांना निर्धोक असल्याचे कंपनीने आपल्या खर्चाने सिद्ध केल्यावाचून त्याला परवाना मिळू नये. चौथी, मढ्यांची विल्हेवाट यंत्रांच्या आणि पुऱ्या वेतनाच्या आधारे, कोणत्याही जातीचा शिक्का नसलेल्या कामगारांकडून व्हावी. पाचवी, रेबीजची लस आणि सीरम प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात असावे.

हे अशक्यप्राय नाही, याचे दाखले महाराष्ट्रातच आहेत. म्हसळा तालुक्यातील चिरगावला गावकरी आणि महाडची सीस्केप संस्था यांनी १९९९ च्या सुमारापासून गिधाडांची घरटी राखली. निर्धोक मढी ठेवण्यासाठी 'गिधाडांची उपाहारगृहे' नाशिककडे आणि गडचिरोलीत चालविली गेली. हरियाणातील पिंजोर येथे बंदिवासात वाढविलेली गिधाडे २०२४ च्या जानेवारीत ताडोबा आणि पेंच येथे आणण्यात आली. परंतु पिंजऱ्यातून सोडलेल्या पक्ष्याला बाहेर विषारी मढे मिळणार असेल, तर हा सारा खटाटोप काँडोरच्याच वाटेने जाईल. औषधाच्या दुकानावर पहारा नसेल तर रानातल्या पहाऱ्याला अर्थ नाही.

परळ-लालबागच्या चाळींतील कितीतरी घरांचे गाव म्हसळ्याला, श्रीवर्धनला, कणकवलीला आहे. गणपतीला गावी जाल तेव्हा दोन कामे अवश्य करावीत. तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात जाऊन कोणते इंजेक्शन टोचले जाते ते विचारावे, आणि गावातील मेलेले जनावर कोण उचलतो, त्याला काय मिळते, तेही विचारावे. मिळालेली उत्तरे लिहून आणावीत. पुढील अभ्यासवर्गाचे काम त्या कागदांवरूनच सुरू व्हावे.